ज्या जगाला सगळं लक्षात राहतं

एपिक फँटसी, म्हणजे जादूच्या काल्पनिक जगातली भव्य गोष्ट; अशा मालिकेची चर्चा हल्ली पैशांपासून सुरू होते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या जगात घडणाऱ्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’चे हक्क मिळवायला ॲमेझॉनने सुमारे २५ कोटी डॉलर मोजले आणि पहिल्या पर्वावर सुमारे ४६.५ कोटी डॉलर खर्च झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मालिका आली. ती देखणी होती, यात वादच नाही. न्यूमेनॉर बेटाचं बंदर, डोंगराच्या पोटात कोरलेलं बुटक्यांचं नगर, दऱ्याखोऱ्यांवरून सरकणारा कॅमेरा. कुठलंही दृश्य थांबवून भिंतीवर लावावं असं. पण आठ भाग पाहून झाल्यावर माझ्या मनात ती चित्रंच राहिली, माणसं फारशी राहिली नाहीत. याउलट काही मालिकांमध्ये दोन माणसं एका खोलीत बसून नुसती बोलतात आणि तो प्रसंग वर्षानुवर्षं जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. हा फरक पैशाने पडत नाही, तंत्राने पडत नाही, आणि मूळ पुस्तकाशी किती इमान राखलं यानेही पडत नाही.

एपिक फँटसी मालिका उत्तम होते ती तिच्या जगाला सगळं लक्षात राहतं तेव्हा, असं माझं ठाम मत आहे. तिथे कुणी दिलेला शब्द मोडला, तर पुढच्या पर्वात त्याची वसुली होते. कुणाचा हात तुटला, तर तो तुटलेलाच राहतो. जेवताना, घोड्यावर चढताना, तलवार उचलताना दर वेळी त्या माणसाला ते भोगावं लागतं. एखादं शहर जळलं, तर दोन भागांनंतर तिथून निघालेले निर्वासित कुणाच्या तरी वेशीवर येऊन उभे राहतात. मालिका हा कथाप्रकार यासाठीच आहे. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला एवढं लक्षात ठेवायला जागा नसते. मालिकेला ती असते, आणि ती जागा तिने वाया घालवली तर मग ड्रॅगन कितीही खरा दिसो, मन हलत नाही.

वास्तववादी गोष्टीत लेखकावर हा भार एवढा नसतो. मेलेला माणूस परत येत नाही, शंभर कोस चालायला काही दिवस लागतात, थंडीत उघड्यावर झोपलं तर माणूस आजारी पडतो, हे प्रेक्षक आपलं आपण जाणतो. अद्भुताच्या जगात यातलं काहीच गृहीत नसतं. लेखकाने मनात आणलं तर मेलेला उठून बसेल, समुद्र एका रात्रीत ओलांडला जाईल. प्रेक्षकाला काळजी वाटायची असेल, तर या जगात काय होऊ शकत नाही ते त्याला ठाऊक असावं लागतं. ही बंधनं बाहेरून येत नाहीत, लेखकाने ती स्वतःच घालून घ्यायची असतात आणि मग अडचणीच्या वेळीही पाळायची असतात.

महाभारतकाराला हे पक्कं कळलेलं होतं. कवचकुंडलांच्या बदल्यात कर्णाला इंद्राकडून अमोघ शक्ती मिळते, पण ती एकदाच वापरता येणार असते. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली. चौदाव्या दिवसाची लढाई रात्रीही थांबत नाही, घटोत्कच कौरवसेनेची दाणादाण उडवतो, चहूकडून आरडाओरडा होतो की सोड ती शक्ती, आणि कर्ण ती सोडतो. घटोत्कच पडतो. पांडव रडत असतात आणि कृष्णाला मात्र आनंद आवरत नाही, कारण अर्जुन वाचला हे त्याने त्याच क्षणी ओळखलेलं असतं. त्या रात्रीचं सगळं वजन एका अटीवर तोललेलं आहे. ती अट काढून टाका, शक्ती हवी तितक्या वेळा सोडता येते असं करा. कर्णाची कोंडी नाहीशी होते, कृष्णाच्या आनंदाला अर्थ राहत नाही, उरते नुसती आतषबाजी.

आजच्या मालिकांमध्ये हे ज्यांनी सर्वांत नीट सांभाळलं, त्यांत मी एका कार्टून मालिकेचं नाव अगदी वर घेईन. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’, २००५ ते २००८, तीन पर्वं, ६१ भाग. मुलांच्या वाहिनीवर लागायची म्हणून अनेक मोठ्या माणसांनी ती पाहिलीच नाही, आणि हे मला मनापासून वाईट वाटतं. पाणी, माती, अग्नी आणि वायू यांना वळवणारी माणसं असं ते जग. प्रत्येक विद्येची हालचाल एकेका चिनी युद्धकलेवर बेतलेली: पाण्यासाठी ताई ची, मातीसाठी हुंग गार, अग्नीसाठी उत्तर शाओलिन, वाऱ्यासाठी बा ग्वा. त्यामुळे माणूस कसा उभा राहतो, पाय कसा टाकतो, यावरूनच तो कुठल्या देशाचा आणि कशाने लढणार ते कळतं. कुणालाही थांबून समजावून सांगावं लागत नाही.

पण मला ज्याचं खरं कौतुक आहे ते पुढेच. या जगात वीज निर्माण करता येते, मात्र मन शांत असेल तरच. झूको हा अग्निराष्ट्राचा राजपुत्र. बापाने सगळ्यांदेखत त्याचा अर्धा चेहरा जाळून त्याला हाकलून दिलेलं. काका आयरो त्याला वीज शिकवायला बसतो आणि झूकोला ती जमत नाही. दर वेळी हातात स्फोट होतो आणि तो मागे फेकला जातो. बोटांत कसब आहे, पण मन शांत नाही. मग काका त्याला दुसरी गोष्ट शिकवतो: अंगावर आलेली वीज एका हाताने आत घ्यायची, हृदयाला टाळून पोटातून फिरवायची आणि दुसऱ्या हाताने बाहेर सोडायची. सराव करायला म्हणून तू माझ्यावर वीज टाक, असं झूको म्हणतो. काका साफ नकार देतो. मग हा पोरगा वादळात डोंगरावर चढतो आणि आभाळाकडे पाहून ओरडतो, की आजवर एवढं सगळं माझ्यावर टाकलंस, मग आताच हात का आखडता घेतलास. वीज त्याच्यावर पडत नाही. तो तिथेच रडत बसतो.

हा प्रसंग दुसऱ्या पर्वातला. तिसऱ्या पर्वात झूको बापासमोर उभा राहून त्याला सोडून जात असल्याचं सांगतो, बाप त्याच्यावर वीज फेकतो, आणि झूको ती आत घेऊन परत त्याच्याच दिशेने सोडतो. काकाने शिकवलेलं, बापाविरुद्ध. जादूचा नियम, मुलाच्या मनाची स्थिती आणि कुटुंबातलं वैर या तिन्ही गोष्टी त्या एका हालचालीत येतात. दोन प्रसंगांच्या मध्ये बरेच भाग गेलेले असतात. मालिका विसरलेली नसते आणि आपणही नाही.

याच मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडते आणि ती लिहायला फार धाडस लागतं. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी झूको सुधारणार असं सगळ्यांना वाटत असतं. आजारपणातून उठलेला आहे, काकाबरोबर चहाच्या दुकानात रमलेला आहे. आणि ऐन वेळी तो बहिणीच्या बाजूने जातो, काकाला कैद होते. लेखकांनी सोपी वाट सोडून दिली. म्हणून पुढे तो खरोखर बदलतो तेव्हा कुणीही त्याच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नये असंच आपल्यालाही वाटतं. शेवटाकडे तो काकाच्या तंबूत जातो. काका झोपलेला. झूको रात्रभर तिथेच बसून राहतो. सकाळी काका उठतो, पाठ फिरवलेलीच. हा रडत रडत माफी मागायला लागतो आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका त्याला ओढून मिठीत घेतो. या मिठीचा परिणाम संवादाने साधलेला नाही. आधीच्या एवढ्या भागांत जे जे घडलं ते सगळं त्या तंबूत हजर असतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’बद्दल लिहायचं तर अवघड असं की तिच्या शेवटाचा राग लोकांच्या मनात इतका ताजा आहे, की सुरुवातीच्या पर्वांनी काय साधलं होतं हे बोलायचं राहूनच जातं. २०११ मध्ये पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात नेड स्टार्कचा शिरच्छेद झाला. नायक वाटणारा माणूस पहिल्याच पर्वात गेला म्हणून जगभर खळबळ माजली, आणि तिथून इतर मालिकांनी चुकीचा धडा घेतला: धक्का द्या, मुख्य पात्र मारा, लोक बोलतील. नेडच्या मरणाची ताकद धक्क्यात नव्हती, नंतर जे घडलं त्यात होती. बाप मारला गेला म्हणून थोरला मुलगा रॉब युद्धात खोल उतरला. त्या युद्धासाठी नदी ओलांडायची होती म्हणून त्याने पुलाच्या मालकाला लग्नाचा शब्द दिलेला होता. पुढे प्रेमात पडून त्याने तो शब्द मोडला. आणि २०१३ मध्ये तिसऱ्या पर्वात त्या मोडलेल्या शब्दाची किंमत एका लग्नाच्या मांडवात चुकती झाली. यातली एकही कडी योगायोगाची नाही. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी निर्णय घेतला, आणि तो त्या वेळी त्याच्या दृष्टीने बरोबर होता. म्हणूनच त्या लग्नाचा भाग पाहताना लोक हादरले, पण फसवले गेल्यासारखं कुणाला वाटलं नाही.

त्याच मालिकेतला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. पहिल्या पर्वातल्या काही भागांची लांबी ठरल्यापेक्षा कमी भरली. नवीन लढाया उभ्या करायला पैसे नव्हते. तेव्हा निर्मात्यांनी दोन-दोन माणसांचे, एका खोलीत घडणारे, कमी खर्चाचे प्रसंग जास्तीचे लिहिले. राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी यांचं संभाषण त्यातलंच. पुस्तकात ते नाही. दोघे समोरासमोर बसून दारू पीत असतात. समुद्रापलीकडून आक्रमण झालं तर काय, यावर बोलणं चाललेलं असतं. हे राज्य नेमकं कशाने एकत्र टिकलं आहे, असा प्रश्न निघतो, आणि आपल्या लग्नाने, असं उत्तर येतं. दोघेही हसायला लागतात, अगदी मनापासून, कारण ते लग्न काय लायकीचं आहे ते त्या दोघांइतकं कुणालाच माहीत नसतं. मग हसू ओसरतं आणि सर्सी विचारते, की आपलं कधी जमू शकलं असतं का, एखादा तरी क्षण होता का. रॉबर्ट नाही म्हणतो.

हा सगळा प्रसंग काही मिनिटांचा. यात जादू नाही, तलवार नाही. पण सतरा वर्षांचा संसार, रॉबर्टच्या मनात अजून जिवंत असलेली मेलेली प्रेयसी, सर्सीने एके काळी खरोखर धरलेली आशा आणि एका राज्याचा डळमळीत पाया हे सगळं त्यात येतं. यानंतर सर्सी जे काही क्रूर वागते ते आपण वेगळ्या नजरेने बघतो. एपिक हा शब्द आपण फार वेळा सैन्याच्या आकाराला लावतो. मला विचाराल तर त्या मालिकेतला सगळ्यात भव्य प्रसंग या खोलीत घडला.

मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहणं म्हणजे उत्तम मालिका, हा आग्रह मला म्हणूनच पटत नाही. पुस्तकात नसलेला प्रसंग पुस्तकाच्या आत्म्याला जास्त जवळचा असू शकतो. आणि पुस्तकात नसलेला प्रसंग घात करू शकतो, हेही खरं. ‘द व्हील ऑफ टाइम’च्या पहिल्याच भागात पेरिन नावाच्या पात्राला एक बायको दिली, आणि गोंधळात त्याच्याच हातून ती मेली. पुस्तकात त्याला त्या वेळी बायको नाही. एक शांत, स्वतःच्या ताकदीला भिणारा तरुण झटपट उभा करायचा होता, म्हणून हे केलं असणार. पण त्या बाईला आपण जेमतेम काही मिनिटं ओळखलेलं असतं. त्याचं दुःख आपल्याला सांगितलं जातं, आपलं होत नाही. दुःखाला आधी सहवास लागतो आणि सहवासाला पडद्यावरचा वेळ.

वेळेचा मुद्दा आला तर अंतराबद्दलही बोललं पाहिजे, कारण फँटसीत ही दोन्ही एकच आहेत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शीर्षकदृश्यात दर भागाला एक नकाशा उलगडायचा. राजाला दक्षिणेतल्या राजधानीतून उत्तरेत यायला महिना लागला, असं सुरुवातीलाच कानावर पडतं. ही अंतरं मालिकेने काही वर्षं पाळली, आणि तिची सर्वोत्तम माणसं रस्त्यावरच घडली. जेमी लॅनिस्टर कैदी म्हणून ब्रिएन नावाच्या योद्ध्या बाईबरोबर निघतो तेव्हा तो आपल्याला आवडत नसतो. त्याने एका लहान मुलाला खिडकीतून ढकललेलं असतं. वाटेत त्याचा तलवारीचा हात कापला जातो. मग न्हाणीघरात, तापाने अर्धवट शुद्धीत, तो ब्रिएनला सांगतो की ज्या राजाला मारल्याबद्दल सगळं जग त्याला थुंकतं, तो राजा सगळं शहर पेटवून द्यायला निघाला होता. हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नसतं. हा प्रवास एका दृश्यांतराने उरकला असता, तर जेमी नावाचं पात्र आपल्याला मिळालंच नसतं.

सातव्या पर्वात नेमकं तेच झालं. राज्याच्या उत्तर सीमेवरच्या भिंतीपलीकडे अडकलेल्यांपैकी एक जण धावत परत जातो, तिथून कावळा उडतो, तो सगळं राज्य ओलांडून दक्षिणेच्या बेटावर पोचतो, मग राणी डिनेरिस ड्रॅगनवर बसून तितकंच अंतर उलट कापते, आणि तोवर बाकीचे एका खडकावर वाट बघत असतात. वेळेचं गणित धूसर झालं हे दिग्दर्शकानेही नंतर मान्य केलं. काही जण म्हणतात, ज्या जगात ड्रॅगन चालतो तिथे कावळ्याच्या वेगाचा कीस कशाला काढायचा. मला हे म्हणणं चुकीचं वाटतं. ड्रॅगन हा त्या जगाचा नियम आहे, तो आपण पहिल्या पर्वातच स्वीकारला. अंतर हाही त्याच जगाचा नियम होता, आणि तो मालिकेनेच आपल्याला शिकवला होता. तो सोडला तेव्हा फक्त भूगोल बिघडला नाही. मदत येणार की नाही ही भीती गेली आणि रस्त्यावरच्या गप्पाही गेल्या. माणसं एका मोठ्या घटनेतून थेट दुसऱ्या मोठ्या घटनेत उगवू लागली.

लढायांचंही तेच. २०१२ मधला ब्लॅकवॉटरच्या लढाईचा भाग एका शहराबाहेर जात नाही. पैसे कमी होते, म्हणून सगळं एका रात्रीत आणि एका जागी बसवावं लागलं, आणि त्याचा फायदाच झाला. कोण कुठे उभा आहे, दरवाजा कुठला, नदी कुठे, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत राहतं. पण तो भाग थोर होतो तो राजाचा अंगरक्षक हाउंड याच्यामुळे. लहानपणी सख्ख्या भावाने त्याचं तोंड विस्तवात दाबलं होतं, हे आपल्याला पहिल्या पर्वातच कळलेलं असतं. त्या रात्री खाडीत हिरवा वणवा पेटतो, अंगाला आग लागलेला एक माणूस त्याच्या दिशेने धावत येतो, आणि कुणालाही न घाबरणारा हा राक्षसी योद्धा जागच्या जागी गोठतो. थोड्या वेळाने राजाच्या तोंडावर नोकरी सोडून निघून जातो. लढाईचा रंग एका जुन्या जखमेने बदलला.

त्याच्यासमोर याच मालिकेतला २०१९ मधला ‘द लाँग नाइट’ ठेवून बघा. ८२ मिनिटांचा भाग, ५५ रात्रींचं चित्रीकरण, शेकडो माणसांचे कष्ट. अंधारामुळे काही दिसलं नाही, ही तक्रार सगळ्यांनी केली. माझी तक्रार वेगळी आहे. एका दृश्यात मेलेल्यांच्या ढिगाखाली गाडला गेलेला माणूस पुढच्या दृश्यात उभा राहून लढताना दिसतो. डिनेरिसच्या सैन्यातल्या डोथ्राकी घोडेस्वारांच्या पेटत्या तलवारी अंधारात एकेक करून विझतात, त्या पर्वातली ही सगळ्यात भीषण कल्पना. आणि पुढच्याच भागात निम्मं सैन्य शिल्लक असल्याचं सांगून तेच घोडेस्वार पुन्हा उभे केले जातात. जे डोळ्यांनी पाहिलं ते मालिकेनेच खोडून टाकलं, तर पुढच्या वेळी मी घाबरायचं कशाला?

‘द रिंग्ज ऑफ पॉवर’मध्येही हाच दोष आहे. पहिल्या पर्वाच्या सहाव्या भागात ज्वालामुखी फुटतो आणि धगधगता राखेचा लोट नायिका गॅलाड्रिएलला गिळतो. भाग तिथेच संपतो. पुढच्या भागात ती राखेने माखलेली उठते आणि चालू लागते. याच घटनेत न्यूमेनॉरच्या राणी मिरिएलची मात्र दृष्टी जाते, ती परत येत नाही, आणि त्या आंधळेपणाने पुढे तिच्या राज्यावरच्या पकडीवर परिणाम होतो. मालिकेला हे करता येत होतं, हे त्यावरून दिसतं. दुसरी मोठी अडचण काळाची. टोल्किनच्या मूळ रचनेत ही गोष्ट घडते ते युग ३,४४१ वर्षांचं आहे. न मरणारे एल्फ आणि पिढ्यान्‌पिढ्या मरत जाणारी, आपल्याला का मरावं लागतं म्हणून हळूहळू कडवट होत जाणारी न्यूमेनॉरची माणसं, हा त्या कथेचा कणा. मालिकेने सगळं एका माणसाच्या हयातीत बसवलं. गोष्ट सुटसुटीत झाली, पण ज्या मत्सरापायी ते बेट बुडणार तो मुरायला वेळच राहिला नाही.

काळ दाखवणं अवघड असतं हे मान्य. पण अशक्य नसतं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आधीच्या काळातली गोष्ट सांगणाऱ्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या पहिल्या पर्वात मध्येच दहा वर्षांची उडी आहे, दोन्ही नायिकांच्या अभिनेत्री बदलतात, आणि प्रेक्षक थोडा हरवतो. त्याला सांभाळतं ते राजा व्हिसेरिसचं शरीर. पॅडी कॉन्सिडाइनने ही भूमिका केली आहे. तलवारींच्या सिंहासनावर बसताना त्याला जखम होते, ती चिघळते. मग बोटं जातात, हात जातो, केस जातात, शेवटी अर्धा चेहरा मुखवट्याखाली जातो. आठव्या भागात मुलीच्या बाजूने उभं राहायला म्हणून तो काठी टेकत त्या लांबलचक दालनातून सिंहासनाकडे निघतो. पायऱ्यांवर त्याचा मुकुट पडतो. ज्या भावाशी हयातभर भांडण, तो डेमन पुढे होऊन त्याला हात देतो आणि मुकुट उचलून त्याच्या डोक्यावर ठेवतो. सिंहासन माणसाला खातं हे त्या जगातलं जुनं बोलणं इथे एका देहावर आठ भाग लिहिलेलं आहे. त्या चालण्यात मला जो थरार वाटला तो त्या मालिकेतल्या कुठल्याही आकाशयुद्धात वाटला नाही.

आता प्रश्न धंद्याचा. मला वाटतं, आज या मालिका ज्या पद्धतीने बनतात ती पद्धतच त्यांच्या मुळावर येते आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पहिली सहा वर्षं दर वसंतात दहा भाग घेऊन यायची. शेवटची दोन पर्वं सात आणि सहा भागांची झाली, आणि हे वाहिनीने लादलेलं नव्हतं. वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती. पुस्तकं संपली म्हणून मालिका घसरली, हे नेहमीचं स्पष्टीकरण मला अर्धंच खरं वाटतं. डिनेरिस शहर जाळेल ही कल्पना वाईट नव्हती. तिच्या पहिल्या पर्वांत त्याची बीजं आहेत. तिथपर्यंत पोचायला जेवढे भाग लागले असते तेवढे दिले नाहीत. एकेक मैत्रीण, सल्लागार, ड्रॅगन गमावल्यावर तिच्याबरोबर बसायला मालिकेला सवडच नव्हती.

आज तर आठ भागांचं पर्व आणि दोन पर्वांमध्ये दोन वर्षांचा खंड हाच शिरस्ता झाला आहे. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ २०२२ नंतर थेट २०२४ मध्ये आली, दहाचे आठ भाग होऊन. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’चाही दोन वर्षांचा खंड. आठ भागांत दोन मोठ्या लढाया बसवायच्या म्हटल्यावर कात्री कशाला लागते? रॉबर्ट आणि सर्सीच्या खोलीला. आणि दोन वर्षांनी परत आलेल्या प्रेक्षकाला मागचं आठवत नसतं, म्हणून लेखक जुन्या धाग्यांवर भिस्त ठेवायला कचरतो आणि दर पर्वाला नवा स्फोट घडवून आणतो.

याहून वाईट म्हणजे अर्ध्यात सोडून देणं. ‘द व्हील ऑफ टाइम’ पहिल्या पर्वात चाचपडली, हे मी वर म्हटलंच. पण ती सुधारत गेली. मार्च २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या पर्वाचा चौथा भाग या प्रकारातल्या उत्तम भागांपैकी एक आहे. नायक काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि दर पावलागणिक आपल्या पूर्वजांच्या आयुष्यात मागे मागे जातो. तोच नट एकेका पिढीचा माणूस होतो. लढवय्येपणाचा अभिमान मिरवणाऱ्या जमातीचे पूर्वज मुळात शस्त्र न उचलण्याची शपथ घेतलेले लोक होते, हे त्याला कळतं. ती शपथ कशी मोडली, कुणी कुठल्या अगतिकतेत पहिल्यांदा भाला उचलला, ते आपण उलट्या क्रमाने पाहतो. एका अख्ख्या समाजाने जे विसरायचं ठरवलं ते मालिका लक्षात ठेवते. तीन पर्वं खर्चून तिला हे साधलं. पर्व एप्रिलमध्ये संपलं आणि मे महिन्यात मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं.

कंपन्यांची बाजू मला कळते. खर्च अफाट, प्रेक्षक घसरलेले, हिशेब जुळेना. पण अशा मालिकेत प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून सांगितलं जातं की बारीकसारीक लक्षात ठेव, याचा पुढे उपयोग आहे. नावं पाठ कर, वंशावळी समजून घे, ती अंगठी कुणाकडे गेली ते ध्यानात असू दे. हे सगळं करून घेतल्यावर मध्येच दुकान बंद करणं हा करार मोडणं आहे. आणि असे करार वारंवार मोडले की प्रेक्षक नवीन मालिकेत जीव गुंतवायलाच तयार होत नाही. मग सगळी पर्वं संपली की बघू, असं म्हणून तो थांबतो, त्या थांबण्याने आकडे पडतात, आणि पडलेल्या आकड्यांवर पुढची मालिका बंद होते.

तेव्हा यापुढे कुणी एखादी मोठी फँटसी मालिका जाहीर केली, तर तिच्या खर्चाचा आकडा मला नको. किती भागांची गोष्ट आहे, शेवट लिहून तयार आहे का, पर्वं दर वर्षी येणार का, आणि पैसे कमी पडले तर आधी काय कापणार, हे मात्र जाहीर व्हायला हवं. पहिल्या पर्वातले निम्मे ड्रॅगन कापून दोन जास्तीचे भाग देणारी कंपनी असेल, तर तिच्या मालिकेची मी पहिल्या दिवसापासून वाट पाहीन.